मेबॅक, मीरा आणि एक फियाट

दसऱ्याच्या संध्याकाळी कोल्हापूरच्या दसरा चौकात पाय ठेवायला जागा मिळत नाही. आम्ही दरवर्षी जातो आणि दरवर्षी मुस्लिम बोर्डिंगच्या बाजूलाच उभे राहतो. तिथून दिसते चांगले, हे एक कारण. दुसरे असे की, ज्या शाहू राजाने १९०६ साली आपल्या मुलांच्या शिक्षणाची सोय केली, त्यांच्या घराण्याची स्वारी येते तेव्हा आपण आपल्याच दारात उभे आहोत असे वाटते. सूर्य कलला की गलका वाढतो, माना वळतात आणि नव्या राजवाड्याकडून ती गाडी येते. मेबॅक. १९३६ सालची, छत्रपती राजाराम महाराजांच्या काळातली. गर्दी आधी गाडीकडे बघते आणि मग गाडीत बसलेल्यांकडे. राजघराण्यातल्या मंडळींनाही आता याची सवय झाली असावी.

गेल्या दसऱ्याला आमच्या पुढे एक आजोबा आणि त्यांचा शाळकरी नातू उभे होते. गाडी समोरून गेली तेव्हा आजोबांनी नकळत डोक्यावरची टोपी सारखी केली. नातवाने विचारले, "आजोबा, ही ॲव्हरेज किती देते?"

आजोबांनी उत्तर दिले नाही. आम्हाला मात्र या महिन्याचा विषय मिळाला.

पोराचा प्रश्न चुकीचा नव्हता. आपल्याकडे गाडीबद्दल पहिला प्रश्न हाच असतो. पण मेबॅकला तो विचारणे म्हणजे हत्तीला चारा किती लागतो ते विचारण्यासारखे आहे. विल्हेल्म मेबॅक आणि त्यांचा मुलगा कार्ल यांनी १९०९ साली जर्मनीत सुरू केलेली ही कंपनी आधी हवेत तरंगणाऱ्या झेपेलिन जहाजांची इंजिने बनवत होती. पहिल्या महायुद्धानंतर ती मोटारींकडे वळली. कंपनी सांगाडा आणि इंजिन द्यायची, वरचा साज गिऱ्हाइकाच्या मर्जीप्रमाणे दुसरे कारागीर चढवायचे, म्हणजे थोडक्यात घोडागाडीचीच पद्धत. अशी गाडी नव्वदीच्या घरात असताना आजही आपल्या पायांनी दसरा चौकापर्यंत येते, याचे श्रेय जर्मनांइतकेच तिला सांभाळणाऱ्या इथल्या हातांनाही आहे. त्या हातांची नावे कुठल्या फलकावर नाहीत.

हे हात कुठे तयार होतात ते बघायचे असेल तर उद्यमनगरात जावे. तिथे एक गॅरेज आहे. मालक वयाने सत्तरीकडे झुकलेले, सगळे त्यांना मिस्त्री चाचा म्हणतात, आम्हीही म्हणतो. जुम्याची नमाज झाली की तिथे चार-पाच गाडीवेडे जमतात. एक निवृत्त मास्तर, त्यांच्याकडे ॲम्बेसेडर आहे आणि ती त्यांच्या पेन्शनचा मोठा घास खाते. एक रिक्षावाले तात्या. फौंड्रीत काम करणारा एक डिप्लोमाधारक तरुण, ज्याला जगातल्या जितक्या विचित्र गाड्या तितक्या आवडतात. आणि कोपऱ्यात चहाचा ग्लास धरून आम्ही. आमच्याकडे गाडी नाही. मत द्यायला ती लागत नाही, हे तिथे गेल्यावरच कळले.

मास्तरांचे मत ठरलेले. "गाडी असावी तर ॲम्बेसेडर. आत बसलं की घराच्या सोप्यात बसल्यासारखं वाटतं. पत्रा बघा, नुसता पत्रा! आजच्या गाड्या म्हणजे बिस्किटाचे डबे."

चाचा फियाटवाले. त्यांच्या मते ॲम्बेसेडर ही सरकारी साहेबांची गाडी आणि फियाट कुटुंबाची. त्यांनी हात काळे करायला सुरुवात केली ती 'डुक्कर फियाट'पासून. पुढची दारे उलटी उघडणारी आणि नाक पुढे आलेले, म्हणून आपल्या लोकांनी तिला ते नाव ठेवले. आमच्या घरांत ते नाव घ्यायला जरा अवघड, त्यामुळे चाचांच्या वालिदांनी तिला आयुष्यभर 'उलट्या दाराची' म्हटले. पुढे हीच घराणेशाही १९७४ च्या सुमारास प्रीमियर पद्मिनी या नावाने चालू राहिली. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढलेली कंपनी, कुर्ल्याचा कारखाना आणि स्टेअरिंगला असलेला तो हाताचा गिअर. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीत ज्यांनी एकदा तरी हाजी अली गाठले असेल त्यांना तो खट्ट आवाज आठवेल. पद्मिनीची शेवटची टॅक्सी मुंबईत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदवली गेली. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, म्हणून २०२३ च्या ऑक्टोबरअखेर त्या सगळ्या रस्त्यावरून उतरल्या. त्या दिवशी चाचांनी गॅरेज अर्धा दिवस बंद ठेवले होते म्हणतात. चाचा म्हणतात, दाढ दुखत होती.

तरुण या सगळ्यावर हसतो. त्याच्या मोबाइलमध्ये वेगळेच प्राणी. एक टेस्लाचा सायबरट्रक, न रंगवलेल्या स्टीलचा, सगळीकडे कोन. तात्यांनी तो फोटो बघून विचारले, "ही लग्नात पोरीला देतात ती पेटी का?" आणि सगळे खो-खो हसले. दुसरी पुण्याच्या वायवे कंपनीची ईवा, छपरावर सौर पत्रा असलेली, चालवणारा एक, मागे एक मोठा माणूस आणि एक मूल एवढ्यांचीच. जानेवारी २०२५ मध्ये ती दिल्लीच्या प्रदर्शनात विक्रीसाठी मांडली गेली. तिसरी बजाजची क्यूट. ती ना रिक्षा ना मोटार, कायद्याने तिच्यासाठी 'क्वाड्रिसायकल' हा वेगळाच वर्ग काढला. या क्यूटबद्दल तात्यांचे मत ऐकण्यासारखे आहे: "चार चाकं लावली म्हणून रिक्षाची मोटार होत नाही. आणि दारं लावली म्हणून रिक्षाची शान जाती ती वेगळीच." कोल्हापुरात रिक्षांच्या सौंदर्यस्पर्धा होतात. तात्यांची रिक्षा ज्यांनी पाहिली आहे, आतले आरसे, मागची रंगवलेली झूल, ते त्यांच्याशी वाद घालणार नाहीत.

आम्ही यात एकच टाचणी टोचली. आज ज्या गाड्यांना आपण अभिजात म्हणतो त्यांतल्या कितीतरी जन्मल्या तेव्हा लोक हसलेच होते. फ्रान्सची सित्रोएन टू सीव्ही ही गाडी खेड्यातल्या शेतकऱ्यासाठी काढलेली, नांगरलेल्या रानातून नेली तरी टोपलीतली अंडी फुटू नयेत ही तिच्या मालकांची अट. १९४८ साली पॅरिसच्या प्रदर्शनात ती मांडली तेव्हा तिची टर उडवली गेली. ती १९९० पर्यंत बनत राहिली आणि आता शौकीन लोक ती जपून ठेवतात. म्हणजे विचित्र आणि अभिजात यांच्यात बरेचदा फक्त वर्षांचे अंतर असते. मास्तरांना हे पटले नाही. ते म्हणाले, "मग पेटीलाही चाळीस वर्षं द्या."

मास्तरांचा जाड पत्र्याचा मुद्दा मात्र आम्ही सोडला नाही, कारण त्यात जिवाचा प्रश्न आहे. जुनी गाडी भक्कम म्हणून सुरक्षित, हा समज घराघरांत आहे. अमेरिकेत २००९ साली विमा कंपन्यांच्या सुरक्षा संस्थेने १९५९ ची शेव्हरोले बेल एअर आणि २००९ ची शेव्हरोले मालिबू समोरासमोर धडकवल्या. आडदांड जुन्या गाडीची केबिन चेपली, आतला पुतळा वाचण्याच्या स्थितीत राहिला नाही. नव्या गाडीचे नाक पार गेले, पण आतली जागा शाबूत. नवी गाडी मुद्दामच पुढून चुरगळते, धक्का स्वतः खाते आणि माणसापर्यंत कमी पोचवते. जुन्या गाडीत चुरगळायला उरतो तो माणूस. तेव्हा शौक करावा, पण बायकामुलांना घेऊन पुणे-बंगळूर महामार्गावर पट्टे नसलेल्या गाडीतून जाऊ नये. मास्तर यावर बराच वेळ गप्प होते. पुढच्या जुम्याला ते सीटबेल्ट बसवून घ्यायला आले, तेव्हा आम्हाला उगाचच मोठे झाल्यासारखे वाटले.

त्याच बैठकीत चाचांनी तरुणाला विचारले, "तुला विचित्र गाड्यांचा एवढा नाद. मीरा ठाऊक आहे का?"

त्याला ठाऊक नव्हती. आणि हेच आम्हाला सर्वांत जास्त लागले, कारण हा पोरगा रोज इचलकरंजीहून येतो.

मीरा इचलकरंजीचीच. शंकरराव कुलकर्णी नावाच्या, इंजिनिअरिंगची पदवी नसलेल्या माणसाने सर्वसामान्य कुटुंबाला परवडेल अशी छोटी मोटार बनवण्याचा ध्यास घेतला आणि १९४९ साली तिचा पहिला नमुना रस्त्यावर आणला. देश स्वतंत्र होऊन दोन वर्षे झालेली. इचलकरंजी म्हणजे मागांचे गाव. १९०४ साली तिथे पहिला यंत्रमाग आला आणि तेव्हापासून गावाच्या कानाला खडखडाटाची सवय. आमच्या कितीतरी वाचकांच्या घरांत तीन पिढ्या त्या मागावर गेल्या आहेत. तुटलेला भाग कंपनीकडून येण्याची वाट न बघता इथेच घडवायचा, ही त्या गावाची रीत. शंकररावांनी तीच रीत मोटारीला लावली. इंजिन मागे, बांधा आटोपशीर, चाकांच्या झोलासाठी रबराचा वापर, भाग शक्य तितके कमी. पुढची वीस-पंचवीस वर्षे ते एकामागून एक नमुने सुधारत राहिले आणि सत्तरच्या दशकात गाडी विकण्याजोगी झाली. किंमत बारा हजार रुपयांच्या आसपास ठेवायची, असा त्यांचा हिशेब होता.

गाडी तयार होती, परवाना नव्हता. तो काळ परवान्यांचा. १९५१ च्या कायद्याने कोणता कारखाना काय आणि किती बनवणार हे दिल्लीत ठरायचे. छोट्या गाडीसाठी सरकारने समित्या नेमल्या, अहवाल आले, फायली फिरल्या. देशात ॲम्बेसेडर, फियाट आणि स्टँडर्ड एवढ्यांचेच राज्य, आणि गाडीसाठी नाव नोंदवून लोक वर्षानुवर्षे थांबायचे. १९७० साली छोट्या गाडीचे इरादापत्र दिले गेले ते पंतप्रधानांच्या मुलाच्या प्रकल्पाला. मीरा कधीच कारखान्यातून बाहेर पडली नाही, कारण तिचा कारखानाच उभा राहिला नाही. १४ डिसेंबर १९८३ रोजी मारुती ८०० ची पहिली किल्ली दिल्लीत ग्राहकाच्या हातात पडली तेव्हा मीराचा पहिला नमुना चौतीस वर्षांचा झाला होता.

आणखी एक गंमत बघा. २००८ च्या जानेवारीत टाटांनी नॅनो दाखवली तेव्हा जगभर कौतुक झाले की छोटी गाडी, सामान्य कुटुंबासाठी, इंजिन मागे. इचलकरंजीतल्या जाणत्या माणसांनी तो फोटो बघितला असेल तेव्हा त्यांना काय वाटले असेल! नॅनोला परवाना होता, भांडवल होते, नाव होते. तरी २०१८ मध्ये तिचेही उत्पादन थांबले, कारण लोकांना स्वस्त गाडी हवी होती पण 'सर्वांत स्वस्त गाडी'त बसलेले दिसायचे नव्हते. मीरा बाजारात आली असती तर चाललीच असती असे म्हणूनच आम्ही छातीठोकपणे म्हणणार नाही. पण तिला लोकांनी नाकारायची संधीसुद्धा मिळाली नाही.

तरुणाने विचारले, "मग आता कुणी केली तर?"

आता कुणी केली तर काय होते, तेही लांब जाऊन बघायला नको. शेजारच्या सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावात, म्हणजे यशवंतराव चव्हाणांच्या जन्मगावी, लोहारकाम करणाऱ्या एका कारागिराने मुलाच्या हट्टापायी भंगारातून छोटी जीप बनवली. दुचाकीसारखी किक मारून सुरू होणारी, खर्च साठ हजारांच्या आसपास. २०२१ च्या डिसेंबरात तिचा व्हिडिओ आनंद महिंद्रांनी पाहिला. त्यांनी कौतुक केले आणि त्याच वेळी हेही लिहिले की ही गाडी नियमात बसत नाही, आज ना उद्या अधिकारी ती थांबवतील. म्हणून त्यांनी तिच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली आणि २०२२ च्या जानेवारीत दिली. कारागिराचे घर आनंदले, आणि आम्हालाही आनंद झाला. तरी मनात राहून जाते. बोलेरो मिळाली ही खुशीची गोष्ट, पण त्या हातांना पुढची गाडी बनवण्याची वाट मिळाली का?

याच महिंद्रांच्या कंपनीचे १९४५ सालचे नाव 'महिंद्रा अँड मोहम्मद' होते, हे सांगितले तर आमच्या बैठकीत कुणाचा विश्वास बसेना. भागीदार मलिक गुलाम मुहम्मद. फाळणी झाली, ते पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले आणि १९५१ मध्ये गव्हर्नर जनरल. इकडे १९४८ मध्ये पाटीवर दुसरा महिंद्रा आला. आपल्या भागातल्या वडापच्या किती जीपांवर ती पाटी गेली असेल, मोजदाद नाही.

कायद्याचे बोलायचे तर शौकिनांनी दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवाव्यात. पहिली, मोटार वाहन कायद्याचे कलम ५२. कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत मनाने बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा ठासून सांगितले. बुलेटचा सायलेन्सर काढून मोहल्ल्यातली म्हातारी माणसे दचकवणाऱ्या पोरांनी हे वाचावे. त्यांचा 'नाद खुळा' आम्हाला कधीच आवडला नाही. दुसरी, २०२१ च्या जुलैमधले जुन्या वाहनांचे नियम. गाडी पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात असेल तर तिची 'व्हिंटेज' म्हणून नोंदणी होते, नंबरात व्ही ए ही अक्षरे येतात. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षे. पण अशी गाडी रोज बाजारहाटाला न्यायची नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणे एवढ्यापुरतीच काढायची.

पेट्रोलवरून आठवले. जुन्या गाड्यांचे नवे दुखणे म्हणजे इथेनॉल मिसळलेले इंधन. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. इथेनॉल हवेतले पाणी ओढते, जुन्या टाकीला आतून गंज धरतो, रबरी नळ्या आणि कार्बोरेटरमधले वॉशर फुगतात. चाचांकडे हल्ली येणाऱ्या चारपैकी एका जुन्या गाडीचे हेच रडगाणे असते, असा त्यांचा अंदाज. "ऊस आमचा, कारखाना आमचा, इथेनॉल आमचं," चाचा म्हणाले, "आणि खोकला आमच्याच म्हातारीला." उसाला त्यातून दर मिळत असेल तर आम्ही तक्रार करणार नाही. चाचा गाडी महिनोन् महिने उभी ठेवायची असेल तर टाकी रिकामी करून ठेवायला सांगतात आणि नळ्या नव्या जातीच्या टाकून देतात.

खरी काळजी वेगळी आहे आणि ती त्या डिप्लोमावाल्या पोराची आहे. त्याच्या फौंड्रीत इंजिनाचे ब्लॉक आणि हेड ओततात. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल या पट्ट्यातल्या कितीतरी भट्ट्या याच कामावर पेटतात. विजेच्या गाडीला ब्लॉकही नाही आणि हेडही नाही. मोबाइलमध्ये तो ज्या गाड्यांवर फिदा आहे, त्या जितक्या वाढतील तितके त्याच्या भट्टीतले काम कमी होईल. हे आम्ही नाही, त्यानेच एकदा रात्री फोन करून सांगितले. चाचांचेही तेच. टॅपेटचा आवाज ऐकून कितव्या सिलिंडरचा दोष ते सांगणारा हा माणूस. विजेच्या गाडीत ऐकायला काही नाहीच. त्यांचा एक शागिर्द गेल्या वर्षी मोटर आणि कंट्रोलरचे काम शिकायला गेला. चाचा महिनाभर त्याच्याशी नीट बोलले नाहीत. मग एक दिवस त्यांनीच गॅरेजचा एक कोपरा रिकामा करून दिला. बाबुराव पेंटरांनी याच शहरात १९१८ साली सिनेमाचा कॅमेरा स्वतः घडवला होता, तोही विलायती कॅमेरा समोर ठेवून शिकूनच, हे आम्ही चाचांना तेव्हा सांगितले. ते म्हणाले, "सांगायला काय जातं तुमचं!" तेही खरेच.

सुरह नहलमध्ये अल्लाहने घोडे, खेचरे आणि गाढवे यांचा उल्लेख केला आहे. ती स्वार होण्यासाठी आहेत आणि शोभेसाठीही. आणि त्यापुढे, तुम्हाला ठाऊक नाही असेही तो निर्माण करतो, असा आशय येतो. आम्हाला यात नेहमी दोन गोष्टींचे नवल वाटते. शोभेचा उल्लेख टाळलेला नाही. आणि जे अजून आलेले नाही त्याला दार उघडे ठेवले आहे. देखणी वस्तू आवडणे हा गुन्हा नाही, सुंदर कपडे आणि पादत्राणे आवडणाऱ्या माणसाबद्दल विचारले गेले तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्याला घमेंड म्हटले नाही. सत्य नाकारणे आणि लोकांना तुच्छ लेखणे म्हणजे घमेंड, असे सांगितले. मेबॅक बघताना टोपी सारखी करणाऱ्या आजोबांत ती नव्हती. ती आम्ही पाहिली ती दुसऱ्याच्या क्यूटला 'डबा' म्हणणाऱ्याच्या ओठांवर, आणि कधी आमच्याही.

बुखारीतली अदबाची गोष्टही आमच्या मनात येते. प्रेषितांची (स.) ही सांडणी शर्यतीत कधी हरली नव्हती. एक खेडूत आपल्या तरण्या उंटावर आला आणि पुढे निघून गेला. सोबत्यांना ते फार लागले. त्यावर प्रेषितांनी सांगितले ते असे की, या दुनियेत जे वर चढते त्याला अल्लाह खालीही आणतो. मास्तरांनी ही गोष्ट ऐकून ॲम्बेसेडरच्या बॉनेटवर हात ठेवला. २०१४ मध्ये तिचे उत्पादन बंद झाले तो महिना त्यांना अजून पाठ आहे. मे.

आता फियाट. शीर्षकात तिचे नाव घेतले आणि इतका वेळ तिला दारात उभे केले, तर तिचे ऐकायला हवे.

चाचांच्या गॅरेजात ताडपत्रीखाली एक पद्मिनी उभी आहे. तिचे मालक गेल्या वर्षी अल्लाहला प्यारे झाले. मागे पत्नी, दोन मुलगे, एक मुलगी. घर आणि दुकानाची वाटणी बुजुर्गांनी बसून केली. फियाटचा विषय निघालाच नाही, कारण ती 'अब्बांची आठवण'. थोरल्याला ती नव्यासारखी करून घ्यायची होती. धाकट्याला भंगारात द्यायची होती. दोघांचे भांडण चाचांच्या गॅरेजातच चालायचे आणि चाचा दोघांनाही चहा पाजायचे.

एका दुपारी त्यांची बहीण आली. तिने ताडपत्री वर केली, मागच्या सीटच्या कुशनवर हात फिरवला आणि चाचांना विचारले, "चाचा, आज आहे तशी विकली तर किती येतील?"

चाचा म्हणाले, "ऐंशी हजार. जास्त नाही सांगत, कमी नाही सांगत."

ती म्हणाली, "मग त्यात माझा हिस्सा किती?"

थोरला तिथेच होता. त्याला हे लागले. "आपा, गाडी अब्बांची आठवण आहे. तिचे पण पैसे मोजायचे का?"

"तू ठेवणार आहेस ना आठवण? ठेव. पण माझा हिस्सा आधी माझ्या हातात दे. नंतर तो तुला बक्षीस द्यायचा की नाही ते माझं मी बघेन."

गॅरेजात कुणी बोलले नाही. मास्तरांनी पाकिटामागे हिशेब मांडला. आईचा आठवा हिस्सा, दहा हजार. उरले सत्तर. त्याचे पाच भाग, भावांचे दोन-दोन, बहिणीचा एक. चौदा हजार. एका मोटारीत चौदा हजारांची ती काय गोष्ट, असे कुणाला वाटेल. पण आमच्या घरांत बहिणींचे हिस्से मोठ्या रकमांत क्वचित बुडतात. ते बुडतात भांड्यांत, शिवणयंत्रात, जुन्या कपाटात, गाडीत, जिथे 'आठवण' हा शब्द पुढे करता येतो. माणूस गेला त्या घडीला त्याच्या मालकीचे जे जे होते ते सगळे, कर्ज आणि वसियत वजा जाता, वारसांचे होते. त्यात कार्बोरेटरही आला. जकातीचे लोक विचारतात म्हणून इथेच सांगतो: स्वतःच्या वापराच्या गाडीवर जकात नाही, मग ती कितीही किमती असो, विकून नफा कमवायच्या इराद्याने घेतलेल्या गाड्या हा व्यापाराचा माल, त्यावर आहे. इरादा दोन्हींच्या मधला असेल तर जवळच्या आलिमांना विचारावे, आम्हाला नाही.

थोरल्याने पैसे दिले. एकदम नाही, दोन महिन्यांत. कर्ज काढू नको, व्याजात जाऊ नको, असे बहिणीनेच बजावले होते. धाकट्याचे आणि आईचेही दिले. मग आरटीओचा फॉर्म ३१, मृत मालकाच्या जागी वारसाचे नाव लावण्याचा, आणि सोबत बाकीच्या वारसांची ना-हरकत. बहिणीने सही केली ती गॅरेजातल्या टेबलावर, ग्रीसचे डाग टाळून. चौदा हजार तिने परत दिले नाहीत. भावानेही विचारले नाही.

गाडीला पन्नाशी भरायला अजून अवकाश आहे, म्हणून व्ही ए नंबरचा प्रश्न नाही. पाच-पाच वर्षांचे नूतनीकरण करत राहावे लागेल. पत्र्याचे काम झाले आहे, कुशन व्हायचे आहे. डिप्लोमावाला पोरगा जुम्यानंतर तासभर थांबून पॉइंट सेट करायला शिकतो. चाचा म्हणतात, किंग पिन मिळाले की पंधरा दिवसांत गाडी रस्त्यावर. मुंबईला सांगून ठेवले आहे, बेळगावलाही. किंग पिन अजून आलेले नाहीत.